पॅरिस, क्योतो की पेकिंग?

१९१७ सालच्या सुरुवातीला पेकिंगबाहेरच्या श्यांगशान टेकडीवर एक गृहस्थ पुस्तकं उसनी मागायला गेले. नाव चेन युआन, वय ३६. घराणं दक्षिणेतल्या ग्वांगदोंग प्रांतातलं, औषधी मालाच्या व्यापारातलं. राजदरबारी परीक्षांत त्यांना यश आलं नव्हतं. तरुणपणी मांचू राजवटीविरुद्ध वृत्तपत्रांतून लिहिलं, मग ग्वांगझौला पाश्चात्त्य वैद्यक शिकले आणि शिकवलंही. १९१३ मध्ये नव्या प्रजासत्ताकाच्या संसदेवर निवडून आले. ती संसद राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईने मोडली, त्याच्या मृत्यूनंतर ती पुन्हा भरली आणि १९१७ च्या जूनमध्ये पुन्हा मोडली गेली. अशा संसदेच्या सभासदाला वाचायला वेळ भरपूर मिळतो. चेन युआन तो वेळ ‘सीखू च्युआनशू’ या अठराव्या शतकातल्या अवाढव्य शाही ग्रंथसंग्रहात घालवत होते. घर शहराच्या एका टोकाला, ग्रंथालय दुसऱ्या टोकाला. इतिहासाची पदवी नव्हती, परदेशी विद्यापीठाचा शिक्का नव्हता. डोक्यात मात्र एक विषय पक्का होता: चीनमधल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास. त्याला लागणारी जुनी पुस्तकं ज्यांच्या संग्रही होती, ते यिंग लियानझ या टेकडीवर राहत.

यिंग मांचू, धर्माने कॅथलिक. १९०२ मध्ये थियानजिनला ‘दागोंग बाओ’ हे वृत्तपत्र त्यांनीच काढलं होतं. चर्चवर त्यांचा राग होता, पण तो भाविकाचा राग. सोळाव्या-सतराव्या शतकातले जेझुइट कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकून दरबारातल्या पंडितांशी बरोबरीने वाद घालत. आताचे मिशनरी मात्र चिनी कॅथलिकांना धड चिनी विद्याही शिकू देत नाहीत, अशी त्यांची तक्रार. १९१२ मध्ये त्यांनी आणि वयोवृद्ध मा श्यांगबो यांनी मिळून थेट पोपला पत्र पाठवून पेकिंगसाठी विद्यापीठ मागितलं. हे मा म्हणजे एके काळचे जेझुइट आणि शांघायच्या फूदान विद्यापीठाचे संस्थापक. विद्यापीठ काही लगेच मिळालं नाही. तोवर यिंग श्यांगशानच्या जुन्या शाही बागेत ‘फूरन श’ नावाची छोटी पाठशाळा चालवत आणि कॅथलिक तरुणांना निबंधाला विषय देत. त्यातला एक विषय: मंगोल राजवटीच्या कागदपत्रांत येणारे ‘येलीकवेन’ म्हणजे नेमके कोण?

चेन युआननी तो विषय उचलला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात छोटेखानी पुस्तक छापलं. ऑगस्टमध्ये सुधारून पुन्हा छापलं. पुढे अनेक वर्षं ते त्यात भर घालतच राहिले.

या पुस्तकाचं वेगळेपण कळायचं तर आधीच्या तीनशे वर्षांचं भांडण माहीत हवं.

शीआनजवळ १६२३ किंवा १६२५ मध्ये (सालाबद्दल अजून दुमत आहे) जमिनीतून एक शिळा निघाली. तिच्यावर सुमारे १८०० चिनी अक्षरं, शिवाय सिरियाक लिपीत कितीतरी धर्मगुरूंची नावं, आणि साल इ.स. ७८१. मजकूर रचणारा जिंगजिंग, त्याचं सिरियाक नाव आदम. ६३५ मध्ये अलोपेन नावाचा धर्मगुरू पश्चिमेकडून चांगआनला आला, थांग सम्राट ताइझोंगने त्याला मानाने आत घेतलं, ६३८ मध्ये मठाची परवानगी दिली, अशी हकीकत त्यात आहे. हाच ताइझोंग पुढे ६४५ मध्ये भारतातून परतलेल्या ह्युएन त्सांगचं स्वागत करणार होता. अलोपेनचा पंथ इराणातल्या सिरियाक चर्चचा. रोमशी त्याचा संबंध नव्हता. याच चर्चचा, इराणातून नेमलेला एक बिशप ‘कल्लियाना’ नावाच्या बंदरात असल्याचं सहाव्या शतकातल्या कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, आणि ते आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे कल्याण आणि चांगआन ही एकाच धर्मपीठाच्या नकाशावरची दोन ठिकाणं होती.

शिळेवरची ती कडेची लिपी ओळखली गेली तीही भारतात. पोर्तुगीज जेझुइट आल्वारो सेमेदो याने शीआनला जाऊन शिळा पाहिली. चिनी मजकूर त्याला लागला, पण बाजूची अक्षरं ग्रीकही नव्हती आणि हिब्रूही नव्हती. पुढे प्रवासात केरळातल्या कोडुंगल्लूरला त्याने ती फादर अंतोनियो फर्नांदिश यांना दाखवली. सेंट थॉमसच्या ख्रिस्ती लोकांची पुस्तकं फर्नांदिश यांच्या रोजच्या हाताखालची. त्यांनी सांगितलं, हे सिरियाक आहे. चीनमधल्या शिळेचं कोडं मलबारच्या किनाऱ्यावर सुटलं, हे युरोपातल्या ग्रंथांत बहुधा एखाद्या ओळीत उरकलेलं असतं.

जेझुइटांना शिळा म्हणजे देवाने पाठवलेला दाखलाच वाटला. परका म्हणून हिणवला जाणारा आपला धर्म चीनमध्ये हजार वर्षं जुना आहे, हे चिनी पंडितांना दाखवायला याहून मोठं प्रमाण कुठलं? अथानासियस किर्चरने १६६७ मध्ये ती युरोपभर प्रसिद्ध केली. तिकडे प्रोटेस्टंट आणि नास्तिक दोघांनाही वास आला तो बनावटीचा. जेझुइटांनीच दगड कोरून पुरला असणार! व्हॉल्तेरने खिल्ली उडवली, एकोणिसाव्या शतकात रेनाँसारख्या सिरियाक जाणणाऱ्यानेही आधी शंका घेतली. अलेक्झांडर वायली, जेम्स लेग यांनी अस्सलपणाची बाजू लढवली. १९०७ मध्ये फ्रिट्स होल्म हा डॅनिश साहसी माणूस ती विकतच घ्यायला शीआनला पोहोचला. अधिकाऱ्यांनी घाईने शिळा शहरातल्या ‘शिळांच्या वनात’, म्हणजे बेइलीन संग्रहात, हलवली. होल्मला प्रतिकृतीवर समाधान मानावं लागलं. अस्सल शिळा आजही शीआनलाच आहे.

या सगळ्या वादात एक गोष्ट सर्वांना समान होती. मानणारा असो वा नाकारणारा, प्रश्न एकच: आमचा धर्म तिकडे कधी पोहोचला? चीन हा या गोष्टीत फक्त पत्ता होता. गोष्ट युरोपची होती. थांग दरबाराला त्या पंथाशी काय करायचं होतं, त्याला परवानगी का मिळाली, शेजारच्या बौद्ध मठाचं त्याच्याशी कसं जमत होतं, हे विचारायचं कुणाच्या मनातच येत नव्हतं. अपवाद होता तो जपानचा. १८९६ मध्ये तिथले बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक ताकाकुसू यांना एका जुन्या बौद्ध ग्रंथसूचीत गंमतीदार नोंद सापडली. कपिशेहून आलेला आणि नालंदेत शिकलेला प्रज्ञ नावाचा बौद्ध भिक्षू चांगआनमध्ये एका सूत्राचं भाषांतर करायला बसला, आणि त्याने जोडीदार म्हणून घेतला तो जिंगजिंग, म्हणजे शिळेवरचा आदम! प्रज्ञला तेव्हा चिनी नीट येत नव्हतं, आदमला संस्कृतचा गंध नव्हता. भाषांतराची परत दरबारात पोहोचली, तेव्हा सम्राटाने दोघांना आपापल्या धर्मात राहायला बजावलं. एका शिळेवर वाद घालणाऱ्या युरोपला जे तीनशे वर्षांत सुचलं नाही, ते बौद्ध सूची उघडल्यावर एका नोंदीत मिळालं. साहित्य चीनमध्येच होतं, पण ते ख्रिस्ती कपाटात नव्हतं.

चेन युआननी हेच पद्धतशीर केलं. ‘येलीकवेन’ हा शब्द मंगोल काळाच्या अधिकृत इतिहासात, ‘युआन शी’मध्ये, वारंवार येतो. भिक्षू, ताओपंथी, मुसलमान यांच्या बरोबरीने त्याचं नाव फर्मानांत दिसतं. छ्यान दाशिनसारख्या अठराव्या शतकातल्या दिग्गजानेही हे लोक कुठले ते माहीत नाही, म्हणून सोडून दिलं होतं. एकोणिसाव्या शतकात ल्यू वेनछी याने झनज्यांग शहराच्या जुन्या स्थलवृत्तावर टिपा लिहिताना त्यांचा संबंध पश्चिमेच्या धर्माशी लावला, पण त्याकडे फार कुणी पाहिलं नाही. चेन युआननी अधिकृत इतिहास, कायद्यांचे संग्रह, स्थलवृत्तं, शिलालेख, कवींच्या संग्रहांतल्या प्रस्तावना, सगळीकडून त्या शब्दाचे उल्लेख गोळा केले आणि एकमेकांशी ताडून दाखवले. निष्कर्ष निर्विवाद: हे ख्रिस्ती लोक, मग ते सिरियाक पंथाचे असोत की रोमचे.

सगळ्यात बोलकं साहित्य झनज्यांगचं. यांगत्झीकाठच्या या शहराच्या चौदाव्या शतकातल्या स्थलवृत्तात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची मोजदाद आहे, आणि त्यात येलीकवेन २३ कुटुंबं, १०६ माणसं, शिवाय त्यांचे गुलाम. जनगणनेच्या एका रकान्यात अख्खी ख्रिस्ती वस्ती बसलेली! त्यातच मार सर्गिसची हकीकत आहे. हा समरकंदचा. घराण्याकडे सरबत करण्याची कला. त्याचा आजोबा खानाच्या घरचा वैद्य. १२७८ मध्ये कुबलाय खानाने त्याला झनज्यांगला उपदारुगा, म्हणजे उपप्रशासक, नेमलं. तिथे त्याने एकामागून एक असे सात मठ बांधले. मार्को पोलोने याच माणसाचा उल्लेख केला आहे. थापाड्या म्हणून पोलोला हसणाऱ्यांनी इथे जरा थांबायला हरकत नाही: इटालियन प्रवाशाचं तोंडी कथन आणि चिनी कारकुनाची नोंद एकाच माणसावर येऊन मिळतात.

या मठांचा शेवटही कागदावर आहे. सर्गिसने दोन मठ जिनशान या बौद्ध क्षेत्राच्या जागेत उभारले होते. १३११ मध्ये नवीन सम्राटाने ते बौद्धांना परत दिले, क्रूस काढून भिंतींवर बुद्धप्रतिमा रंगवायला लावल्या आणि घटनेचा शिलालेख लिहायचं काम दिलं ते झाओ मंगफू या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ सुलेखनकाराला. ख्रिस्ती मठाच्या पराभवाची कहाणी चीनच्या सर्वांत सुंदर हस्ताक्षरात लिहिली गेली.

चेन युआनच्या साहित्याची मर्यादाही इथेच दिसते. १२८९ मध्ये ख्रिस्ती लोकांचा कारभार पाहायला छोंगफू स नावाचं खातं काढलं गेलं, कुणाला कर माफ झाला, कुणाची माफी रद्द झाली, कुठल्या पंथाच्या पुजाऱ्याने कोणाची माणसं पळवली, अशा नोंदींनी पुस्तक भरलेलं आहे. राज्याच्या दफ्तराला धर्म दिसतो तो कर आणि मान यांच्या रूपात. त्या १०६ जणांपैकी कुणी प्रार्थना कशी करत होता, हे त्यात मिळत नाही. पण धर्मप्रसाराच्या इतिहासातून जे कधीच मिळालं नसतं ते मिळतं: चिनी समाजात ख्रिस्ती माणूस नेमका कुठल्या जागी उभा होता.

१९२३ मध्ये त्यांनी हाच धागा पुढे नेला. मंगोल काळात पश्चिमेकडून आलेल्या मुसलमान, ख्रिस्ती, उइगुर घराण्यांनी चिनी विद्या कशी आत्मसात केली, यावरचा तो ग्रंथ त्यांचा सर्वांत मोठा मानला जातो. त्यातलं एक पान मा झूचांगचं. घराणं उत्तरेच्या ओंगूत जमातीचं, पूर्वज येलीकवेन. हा मात्र १३१५ च्या राजदरबारी परीक्षेत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन दरबारात चढत गेलेला कन्फ्यूशियन कवी. चेन युआन त्याला धर्मभ्रष्ट म्हणत नाहीत आणि कौतुकाने मुक्तही म्हणत नाहीत. कुठल्या पिढीत काय बदललं, एवढंच पुराव्याने मांडतात.

वेळ लक्षात घ्यायला हवी. १९२२ मध्ये पेकिंगला ख्रिस्ती विद्यार्थ्यांची जागतिक परिषद भरली आणि तिच्याविरुद्ध देशभर आंदोलन पेटलं. एक ख्रिस्ती वाढला की एक चिनी कमी झाला, अशी भाषा रूढ होत होती. दुसरीकडे काही विद्वान चीनने सरसकट पाश्चात्त्य व्हावं म्हणत होते. बाहेरून आलेला माणूस चिनी होऊ शकतो आणि झाला होता, हे पुराव्यानिशी सांगणारं पुस्तक या दोघांच्या मधोमध येऊन पडलं. पुस्तक त्या काळात लिहिलं गेलं जेव्हा जग चीनला सर्वांत तुच्छ लेखत होतं, असं पुढे वार्धक्यात चेन युआननी एका पत्रात आवर्जून नोंदवलं.

दरम्यान पोपकडे मागितलेलं विद्यापीठ १९२५ मध्ये अवतरलं. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातल्या बेनेडिक्टीन मठाने ते चालवायला घेतलं. एका मांचू राजपुत्राच्या वाड्यात फूरन विद्यापीठ सुरू झालं. यिंग १९२६ च्या जानेवारीत वारले. जाताना जबाबदारी चेन युआनवर टाकून गेले. १९२९ पासून ते विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. कॅथलिक विद्यापीठ, चालवणारे परदेशी साधू, अध्यक्ष मात्र कॅथलिक नसलेला चिनी इतिहासकार.

याच काळात ते भेटेल त्या तरुण अभ्यासकाला एक प्रश्न विचारत: चीनविद्येचं केंद्र सध्या पॅरिसला आहे की क्योतोला? ते पेकिंगला परत आणायचं, हा त्याचा पुढचा भाग. प्रश्नात सल होता. वायव्य चीनमधल्या तुंगह्वांगच्या गुहेतून स्टाइन आणि पेलियो या युरोपीय अभ्यासकांनी हस्तलिखितांचे गठ्ठे नेले होते. पेलियोने १९०८ मध्ये नेलेल्यांत थांगकालीन ख्रिस्ती स्तोत्रही होतं. पेकिंगला जे ८६७९ तुकडे उरले त्यांची सूची चेन युआननी १९३१ मध्ये केली, आणि तिच्या नावातच ‘लुटीतून उरलेलं’ असं लिहिलं. परदेशी विद्वान दुखावतील, जरा सौम्य घ्या, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी तो मानला नाही. गंमत अशी की १९३३ मध्ये पेकिंगहून परतताना पेलियोनेच चिनी अभ्यासकांत खरी नावं दोनच, वांग ग्वोवेइ आणि चेन युआन, असं म्हटल्याचं सांगतात.

राजवाड्यातल्या दफ्तरातून चेन युआननी १९३२ मध्ये आणखी एक घबाड प्रसिद्ध केलं: सम्राट खांगशी आणि रोमचे वकील यांच्यातली १४ कागदपत्रं, मूळ हस्ताक्षरांच्या छायाप्रतींसह. इथे एक छोटं वळण घेतो. चीनमध्ये जेझुइटांची पद्धत घालून देणारा मातेओ रिच्ची १५७८ मध्ये आधी गोव्याला उतरला. पुढच्याच वर्षी तिथे थॉमस स्टीफन्स आला, आपल्या क्रिस्तपुराणाचा कवी. एक पेकिंगला गेला, एक साष्टीत राहिला. स्थानिक विद्वानांच्या भाषेतच बोलायचं, हा दोघांचाही मार्ग. रिच्चीच्या पंथाने चिनी ख्रिस्ती लोकांना पूर्वजांची पूजा आणि कन्फ्यूशियसला वंदन चालू ठेवू दिलं, रोमने १७०४ आणि १७१५ मध्ये ते निषिद्ध ठरवलं. युरोपात या वादावर ग्रंथांचे डोंगर आहेत. चेन युआनच्या छायाप्रतींत दुसरी बाजू लाल शाईत उमटलेली दिसते. रोमच्या फर्मानाचं भाषांतर वाचून खांगशीने शेरा मारला: असल्या संकुचित माणसांनी चीनच्या तत्त्वांवर काय बोलावं, आणि कटकट टाळायची तर यापुढे धर्मप्रसारच नको. रोमला यातून माघार घ्यायला १९३९ साल उजाडावं लागलं.

१९३७ मध्ये जपान्यांनी पेकिंग घेतलं. फूरन तोवर डिव्हाइन वर्ड संस्थेच्या जर्मन पाद्र्यांकडे गेलं होतं आणि जर्मनी जपानचा मित्र, म्हणून विद्यापीठ उघडं राहिलं. जपान्यांनी देऊ केलेली मानाची पदं चेन युआननी नाकारली. ख्रिस्ती विषय त्यांनी या काळात बराचसा बाजूला ठेवला. मिंग राजवट पडल्यावर नैऋत्येच्या डोंगरात मुंडन करून राहिलेले बौद्ध भिक्षू, परक्या राज्यात उभे राहिलेले ताओ पंथ, आणि शेवटी मंगोलांच्या अमलाखाली जुन्या इतिहासग्रंथावर टिपा लिहीत बसलेला हू सानशिंग, यांच्यावर त्यांनी लिहिलं. परचक्रात माणसं कशी वागतात, हे वाचणाऱ्याला नेमकं कळत होतं.

१९४८ च्या अखेरीस कम्युनिस्ट फौजा जवळ आल्या तेव्हा नामवंत विद्वान हू शी विमानाने निघून गेले, चेन युआन थांबले. पुढच्या मे महिन्यात हू शींना उद्देशून त्यांचं खुलं पत्र ‘पीपल्स डेली’त छापून आलं: मी चुकलो, आता नव्या विचाराने शिकतो आहे. पत्रात त्यांचा आवाज किती आणि काळाचा किती, यावर अजून मतभेद आहेत. १९५० मध्ये सरकारने फूरन ताब्यात घेतलं, १९५२ मध्ये ते पेकिंग नॉर्मल विद्यापीठात विलीन झालं आणि चेन युआनच त्याचे अध्यक्ष झाले. १९५९ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, ते कम्युनिस्ट पक्षात गेले. १९७१ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत वारले. त्या वीस वर्षांत चीनमध्ये ख्रिस्ती धर्माचा अभ्यास म्हणजे साम्राज्यवादाचा आरोप, एवढाच उरला होता.

तो आरोप सरसकट खोटा नव्हता, म्हणूनच १९८० नंतरचं काम अवघड होतं. वूहानचे इतिहासकार झांग खाययुआन यांनी मिशनरी महाविद्यालयांचा इतिहास हाती घेतला. ते स्वतः अशाच एका महाविद्यालयात, नानकिंगच्या जिनलिंगमध्ये, शिकलेले. येल विद्यापीठातल्या मिशनरी दफ्तरात त्यांना आपलेच शिक्षक मायनर सर्ल बेट्स यांचे कागद सापडले, आणि त्यांत १९३७ च्या नानकिंग हत्याकांडाची प्रत्यक्ष नोंद होती. साम्राज्यवादाचे हस्तक ठरवलेल्यांच्याच कागदांवर आता चीन आपली साक्ष उभी करत होता. याच सुमारास ल्यू श्याओफंग आणि त्यांच्यासारखे प्राध्यापक चर्चमध्ये न जाता ख्रिस्ती तत्त्वज्ञान वाचू-लिहू लागले; हाँगकाँगच्या ताओ फोंग शान टेकडीवर १९९५ मध्ये त्यासाठी संस्थाही निघाली. त्या चळवळीत मला विचार दिसतात, पुरावे कमी. चेन युआनचे वारस मी दुसरीकडे शोधतो.

१९४३ मध्ये जपानमध्ये तुंगह्वांगची म्हणून दोन थांगकालीन ख्रिस्ती हस्तलिखितं पुढे आली होती. जगभरच्या ग्रंथांत ती उद्धृत झाली. १९९२ मध्ये लिन वूशू आणि रोंग शिनज्यांग या दोघा चिनी संशोधकांनी शब्दप्रयोग, कागदांचा प्रवास, संग्राहकाच्या नोंदी तपासून ती बनावट असल्याचं मांडलं. सगळ्यांना पटलं नाही. मग २००६ मध्ये लुओयांगला चोरट्या खोदकामातून एक दगडी स्तंभ बाहेर आला. घडण बौद्ध धारणी-स्तंभाची, वर क्रूस आणि पंखवाल्या आकृती, साल ८१४-१५. एका मुलाने आपल्या दिवंगत आईसाठी तो उभारला होता. आई सोग्दियन घराण्यातली, मठातले धर्मगुरूही मध्य आशियाई आडनावांचे. स्तंभावर त्यांच्या एका सूत्राचा मजकूर कोरलेला होता. तेच सूत्र म्हणून जे हस्तलिखित १९४३ मध्ये पुढे आलं होतं त्याच्याशी तो जुळला नाही.